फडावर गेलेल्या गावाची राखण

दसरा झाला की वडवणी तालुक्यातल्या गावागावांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. पत्र्याची पेटी, पिठाची गोणी, गोधड्या, कोपी उभारायचं सामान, दोन कोंबड्या, जमलं तर शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीनं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी अशी लाखो माणसं बाहेर पडतात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, बागायत असलेले थोडे शेतकरी, दुकानदार आणि दारादाराला लागलेली कुलपं.

गुन्हेगारी आणि नशा रोखायची तर लोकांनी पुढं यायला हवं, असं पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत सांगितलं जातं, तेव्हा बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढं भरलेलं गाव असतं. बीड-परळी रस्त्यावरच्या या छोट्या तालुक्यात वर्षाचे पाच-सहा महिने तसं गाव नसतंच. पुढं यायचे तेच लोक साताऱ्या-सांगलीच्या फडात पाचट तुडवत असतात. म्हणून इथली राखण पंचांग समोर ठेवून आखावी लागते. कायद्यानं गावाला काय काय हत्यारं दिली आहेत, ती कुठं बोथट होतात आणि कुठल्या महिन्यात चालतात, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे.

चोरांना पंचांग पाठ असतं. बंद घरांची कुलपं हा एक भाग झाला. पण खेड्यातली चोरी मुख्यतः शिवारात होते. विहिरीवरची मोटार, स्टार्टर, तांब्यासाठी कापून नेलेली केबल, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातली शेळी, बाजाराला निघालेली सोयाबीनची पोती. यातल्या बऱ्याच चोऱ्यांची फिर्यादच होत नाही. केबल गेली म्हणून तालुक्याला हेलपाटे कोण घालणार, आणि परत मिळणार थोडीच. नोंद नसल्यामुळं पोलिसांच्या वहीत ते शिवार शांत दिसतं आणि रात्रीची गस्त दुसरीकडं लागते. गावानं करायची पहिली गोष्ट त्यामुळं कंटाळवाणी आहे: पाचशे रुपयांची केबल गेली तरी लेखी तक्रार द्यायची.

पूर्वी गावची राखण वतनदारीत होती. जागल्या, रामोशी, महार यांच्यावर ती जातीनं लादलेली होती आणि चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर. ती व्यवस्था गेली, जायलाच हवी होती. तिच्या जागी महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील आला. गावात संशयास्पद माणूस आला, बेवारस मृतदेह सापडला, भांडण पेटण्याची चिन्हं दिसली, तर ते ठाण्याला कळवणं हे त्याचं काम. २०२४ साली त्याचं मानधन महिना पंधरा हजार झालं. हा माणूस शक्यतो हंगामात गावातच असतो, ही वडवणीसारख्या ठिकाणी मोठी गोष्ट आहे. पण तो एकटा आणि गाव वाड्या-वस्त्या-तांड्यांत पसरलेलं. ग्रामसुरक्षा दल लागतं ते यासाठी.

दल म्हणजे दहा-वीस तरुण, शिट्टी, बॅटरी, काठी, आणि पाळी. कागदावर सोपं आहे. नव्यानं आलेली सोय म्हणजे काही जिल्ह्यांत चालणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा: नोंद केलेल्या माणसानं टोल फ्री क्रमांकावर फोन करून जे सांगितलं, ते त्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतं. रिकाम्या गावाला ही सोय भरल्या गावापेक्षा जास्त उपयोगी, कारण माणसं थोडी आणि लांब लांब राहिलेली असतात. मात्र नोंद करून घ्यायला आधी सगळे गावात असावे लागतात. म्हणजे दसऱ्याच्या आधी.

राखणीची दुसरी बाजू मराठवाड्यानं २०२४ च्या पावसाळ्यात पाहिली. जून-जुलैत बीड-जालन्याकडं रात्री आकाशात ड्रोन फिरतात आणि मागोमाग चोर येतात, अशी वदंता उठली. गावंच्या गावं जागी राहिली. पोरं काठ्या घेऊन वेशीवर बसली, अनोळखी गाडी आली की आडवायची. एक रात्र, दोन रात्री यात उत्साह असतो. आठव्या रात्री झोप न झालेल्या माणसाच्या हातात काठी असते, आणि तेव्हा समोरून कोण येतं यावर सगळं अवलंबून असतं.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं १ जुलै २०१८ रोजी काय झालं ते या बाबतीत विसरता येणार नाही. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. पोरं पळवणारी टोळी आलीय असा निरोप मोबाइलवर फिरत होता. बाजाराच्या दिवशी जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. २०२४ मध्ये न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे राखण करायला निघालेल्या गावापायी बारा घरं उद्ध्वस्त झाली, आणि चोर कुणीच नव्हता.

बीड जिल्ह्यात हा धोका अधिक आहे, कारण इथं पारधी वस्त्या आहेत. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिलं बोट तिकडंच जातं. दल बनवताना त्या वस्तीवरचे दोन तरुण त्यात घेतले तर दोन्ही बाजूंची भीती कमी होते. हे सुचवलं की बैठकीत थोडी कुजबुज होते. ती होऊ द्यावी आणि नावं घ्यावीत. बाकी नियम साधे आहेत: दलातल्या प्रत्येकाचं नाव ठाण्यात दिलेलं असावं, कोणत्या रात्री कोण हे लिहिलेलं असावं, अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करायचा, नाव-गाव विचारायचं, बसवून ठेवायचं, हात लावायचा नाही.

आता दारू. या भागात गुन्ह्याची गोष्ट दारूच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. बांधावरून झालेली डोकेफोड, बायकोला मारहाण, उसन्या पैशांवरून चाकू, रात्रीचा दुचाकीचा अपघात: ठाण्यातल्या नोंदी वाचल्या की बाटली कुठं ना कुठं असतेच. आणि दारूच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या बाईच्या हातात एक असं हत्यार आहे जे देशात फार थोड्या ठिकाणी असेल. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की परवानाधारक दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते चित्र कळतं, आणि नवरा मतदान केंद्राबाहेर उभा राहून पाहत असला तरी आत शिक्का कशावर पडला हे त्याला कळत नाही.

खाच अशी, की जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई मतदानाला आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखं होतं. धरून चालू, की गावात महिला मतदार ९०० आहेत. आडव्या बाटलीला ४५१ मतं हवीत. मतदान डिसेंबरात लागलं आणि ३५० बाया फडावर असल्या तर गावात उरल्या ५५०. त्यातल्या एकूण एक आल्या तरी दर शंभरातल्या ब्याऐंशींनी आडवीवर शिक्का मारावा लागेल. आजारी, बाळंतीण, लेकीकडं गेलेली, नवऱ्याच्या धाकातली, दुकानदाराच्या भावकीतली, अशा वजा केल्या की गणित संपलं. तेच मतदान जूनमध्ये असेल तर नऊशेच्या नऊशे गावात. दुकानदाराला हे गणित चांगलं येतं. मागणी करणाऱ्या बायकांना कुणी तरी ते बचतगटाच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवायला हवं.

त्याहून किचकट काम यादीचं आहे. मतदार यादीत मेलेली माणसं असतात, लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या मुली असतात, पुण्याला कायमचे गेलेले असतात. एरवी कुणाचं अडत नाही. या मतदानात मात्र प्रत्येक मेलेलं नाव दारूच्या बाजूनं उभं राहतं. सह्या गोळा करण्याआधी यादी दुरुस्त करून घेणं हा या लढाईतला पहिला आणि सर्वांत कमी टाळ्या मिळवणारा डाव आहे.

ग्रामसभांच्या तारखा पाहिल्या तर आशेला जागा आहे. रिवाजानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. जानेवारीतली सभा रिकाम्या गावाची. तिच्यात काही ठरवलं तरी त्याला वजन नाही. उरलेल्या तिन्ही सभांना गाव बहुधा गावात असतं. मे महिन्यात यादी आणि सह्या, पावसाळ्यात मतदानासाठी पाठपुरावा, आणि २ ऑक्टोबरला रिकाम्या हंगामाची राखण ठरवणं, असं वर्ष बसवता येतं.

दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद झाली असं मात्र कुणी समजू नये. परवान्याचं देशी दारूचं दुकान गेलं की ढाब्यावर, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, पिशवीतून विक्री सुरू होते. मग पोलीस दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ ई खाली छापा घालतात, चार बाटल्या जप्त होतात, विक्रेता जामिनावर सुटून संध्याकाळी परत धंद्यावर. या चक्राला गाव कंटाळतं आणि नेमकं तेव्हाच हरतं. सतत गुन्हे करणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली त्याला जिल्ह्याबाहेर हद्दपार करता येतं, आणि १९८१ च्या ज्या स्थानबद्धता कायद्याला सगळे एमपीडीए म्हणतात त्याच्या तर नावातच हातभट्टीवाले आहेत. पण या प्रत्येक पायरीला मागच्या गुन्ह्यांच्या नोंदी लागतात. दहा छाप्यांपैकी सात तोंडी राहिले तर प्रस्ताव उभाच राहत नाही. पुन्हा वही.

चोरट्या दारूत आणखी एक भय असतं, विषाचं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली. ते लांबचं वाटत असेल तर शेजारच्या नगर जिल्ह्यातलं पांगरमल आठवावं. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावर झालेल्या जेवणावळीत बनावट दारू वाटली गेली आणि गावात पाठोपाठ तिरड्या उठल्या. निवडणुकीतली फुकटची बाटली ही आपल्याकडं विनोदाची गोष्ट समजली जाते, म्हणून हे सांगितलं.

वरून आलेल्या बंदीचा अनुभव संमिश्र आहे. वर्धा जिल्ह्यात गांधींच्या नावानं सत्तरच्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या बायकांनी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी चालत जाऊन ती मागितली, २०१५ मध्ये लागू झाली, २०२१ मध्ये सरकारनं उठवली. चोरटी दारू वाढली हे कारण दिलं गेलं, आणि ते खोटं होतं असं म्हणवत नाही. फरक पडला तो गडचिरोलीत. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीनं २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालवलं. त्यात कायद्याच्या खाली गावोगाव संघटना बांधल्या. गावातल्या बायाच भट्टी कुठं लागते ते शोधतात, सडवा ओततात, विक्रेत्याला नोटीस देतात, आणि तालुका पातळीवरची उपचाराची सोयही त्याच गावात पोचते. बंदी, गाव आणि उपचार या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तर काही हाती लागतं. एकट्या बंदीतून चोरटा बाजार आणि एकट्या उपचारातून परत पिणारी माणसं.

राळेगणसिद्धीचा दाखला प्रत्येक व्याख्यानात येतो. सत्तरच्या दशकात अण्णा हजाऱ्यांनी तिथल्या भट्ट्या बंद करवल्या हे खरंच. पिणाऱ्यांना खांबाला बांधून झोडपलं जाई हेही तितकंच खरं, आणि ते कधी लपवलं गेलं नाही. मला त्या खांबाचं कौतुक नाही. मार खाल्लेला माणूस दारू सोडतो की गाव सोडून पितो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आज तसं केलं तर गुन्हा मारणाऱ्यावर दाखल होईल, आणि तो योग्यच असेल.

तंटामुक्तीचंही असंच दोन्ही अंगांनी पाहावं लागतं. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाच्या समितीनं भांडणं गावातच मिटवायची, अवैध धंदे रोखायचे; लोकसंख्येप्रमाणे लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. बांधाच्या, पाण्याच्या, भावकीच्या कितीतरी केसेस खरोखर मिटल्या. पुढं बक्षिसाचा ओघ आटला, समित्या कागदावर उरल्या, आणि वर्तमानपत्रात तंटामुक्ती अध्यक्षांचं नाव प्रेमी जोडप्याचं लग्न लावून दिल्याच्या बातमीपुरतं येऊ लागलं. बक्षीस गुन्हे कमी दिसण्याला होतं, त्यामुळं कुठं कुठं फिर्यादच दाबली जाण्याचा मोह होता. बायकोला मारणं, पोरीची छेड, अल्पवयीन मुलीचं लग्न, या गोष्टी पारावर मिटवायच्या नसतातच. बांध मिटवा, जखम मिटवू नका, एवढा भेद समितीत बसणाऱ्याला कळला तरी ती पुन्हा कामाची होईल.

या जिल्ह्यात कुणालाही ‘पुढं या’ म्हणताना केज तालुक्यातल्या मस्साजोगचं नाव मनात येतं. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडं खंडणी मागण्याच्या प्रकरणात ते आड आले, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे. त्यातून गावानं घेण्याचा धडा अगदी व्यवहाराचा आहे. अवैध धंद्याविरुद्धचा अर्ज एकाच्या नावानं जाऊ नये. ठराव ग्रामसभेचा असावा, खाली शंभर सह्या असाव्यात, प्रत ठाण्याला, पोलीस अधीक्षकांना आणि तहसीलला एकाच दिवशी जावी, आणि पोच घ्यावी. धमकी द्यायला एक घर सापडतं. शंभर घरांना धमकी देता येत नाही. माहिती देणाऱ्याचं नाव ठाण्यातून फुटतं ही लोकांची जुनी तक्रार आहे, आणि सगळ्या ठिकाणी ती निराधार नसते. सामूहिक अर्जाला फुटायला नावच नसतं.

अमली पदार्थ म्हटलं की लोकांना मुंबई-पुण्याच्या पार्ट्या दिसतात. खेड्यात त्यांची पायरी फार खालून सुरू होते. पहिली तंबाखूची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढता खाणारे: मळलेली तंबाखू, खर्रा, गुटखा, बायकांमध्ये मिशरी. गुटख्यावर जुलै २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे सहावीच्या पोराला माहीत आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई केली, दंड ठेवला दोनशे रुपये. टपरीवाला तो हसत भरतो. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ फार कमी लोकांना माहीत असतं: अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. शाळा व्यवस्थापन समितीनं हे कलम मोठ्या अक्षरात लिहून टपरीवाल्याच्या हातात दिलं, की दोनशे रुपयांचं हसू राहत नाही.

दुसरी पायरी आणखी स्वस्त. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत एकच नशा अशी निघाली जी मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त होती: हुंगायची. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर. प्रौढांत ०.५८ टक्के, १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. तिला परवाना लागत नाही, तस्कर लागत नाही. पुढं खोकल्याचं औषध, छत्रपती संभाजीनगरकडं ‘बटण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या, गांजा. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या दाट पिकात मधे मधे गांजाची झाडं लावल्याच्या बातम्या राज्यात दर वर्षी येतात. इथं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा गावाला थेट धरतो. आपल्या जमिनीतली लागवड कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे, आणि कलम ४७ नुसार सरपंच, पंच आणि प्रत्येक गाव-अधिकाऱ्यावरही. माहीत असून गप्प बसलेला सरपंच शिक्षेला पात्र ठरतो. हे कलम सरपंचांच्या प्रशिक्षणात किती ठळकपणे सांगितलं जातं कोण जाणे.

आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आता शहरापुरतं राहिलेलं नाही. नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ मध्ये त्याचे कारखानेच सापडले. २०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापूर हादरलं: तामलवाडी हद्दीत पुड्या पकडल्या गेल्या, तपास देवीच्या गावात पोचला आणि पुजारी घराण्यांतली काही नावंही आरोपींत आली. तुळजापूरला गेलेल्या प्रत्येक मराठवाडी घराला ती बातमी आपल्या उंबऱ्याची वाटली.

मग पोरांसाठी करायचं काय? २६ जूनला शाळेतून फेरी निघते, ‘नशा करू नका’चे फलक, शपथ, पेढा. हा अमली पदार्थविरोधी दिवस चीनच्या लिन झेशूनं १८३९ च्या जूनमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची अफू नष्ट केली त्या घटनेशी जोडलेला आहे. त्या काळात चीनला जाणारी बरीचशी अफू माळव्याची होती आणि ती मुंबई बंदरातून जायची, हे शपथ घेताना कुणी सांगत नाही. फेरीला माझा विरोध नाही. पण अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी वर्गात जाऊन व्याख्यानं देण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, आणि नंतरच्या अभ्यासांत मुलांच्या नशेवर त्याचा फारसा परिणाम आढळला नाही. उलट आइसलँडनं व्याख्यानं बाजूला ठेवून मुलांची संध्याकाळ हाती घेतली. खेळ आणि संगीताला पालिकेचं अनुदान, सोळा वर्षांखालच्यांना रात्री उशिरा बाहेर मनाई, आणि पालकांनी आळीपाळीनं मोहल्ल्यात फेरी मारायची. १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली होती; २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ वरून ३ वर आली.

श्रीमंत, छोटा, थंड देश. तिथलं इथं जसंच्या तसं लागू होत नाही. पण संध्याकाळचं सूत्र वडवणीला बरोबर लागतं. हंगामात आजीकडं राहिलेल्या चौदा वर्षांच्या पोराची संध्याकाळ कुणाच्याच ताब्यात नसते. आजीला दिसत नाही, बाप फोनवर भेटतो. हंगामी वसतिगृहं याच पोरांसाठी निघाली, आणि ती शाळा सुटू नये म्हणून आहेत असं आपण समजतो. ती व्यसन आणि गुन्ह्याविरुद्धची पहिली तटबंदीही आहेत. वसतिगृह नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं की जानेवारीत, हा फरक पोराच्या आयुष्यातला असतो. ग्रामसभेनं २ ऑक्टोबरलाच मुलांची यादी देऊन ते वेळेवर सुरू करवून घेणं, शाळेचं मैदान आणि एक बल्ब रात्री आठपर्यंत चालू ठेवणं, कबड्डीचा एखादा संघ. खर्च फार नाही, माणूस लागतो.

पिणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतोच. बीड जिल्ह्यात त्याला एक घरचं उत्तर आहे: माळ. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या या मुलखात सप्त्यात कीर्तन ऐकून गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मदिरा सुटते असा संकेत आहे. यात श्रद्धा आहेच, पण यंत्रणाही आहे. माळ सगळ्यांना दिसते. ती घातलेल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही, त्याला नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, आणि त्यानं चोरून घेतली तर विकणाराही अडखळतो. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघासारख्या वारकरी संघटनांनी याच ताकदीवर काम केलं. मर्यादा एवढीच, की रोज सकाळी हात थरथरल्याशिवाय राहत नाहीत अशा माणसाला नुसती माळ धोक्याची. इतक्या जुन्या पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टर, मग बुवा.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हा निमित्त शहरातल्या गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं होतं. अवचटांची ‘गर्द’वरची लेखमाला त्याच काळातली. तिथला उपचार ३५ दिवसांचा, पण खरं काम त्यानंतरच्या पाठपुराव्याचं, आणि बायकांच्या ‘सहचरी’ गटाचं. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, हे तिथं पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं. गर्द-गांजाच्या नशेत अडकलेल्यांना कायद्याची भीती असते. त्यांच्या घरच्यांना एनडीपीएसचं कलम ६४ अ माहीत हवं: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्या खटल्यातून त्याला सूट मिळते. सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

अडचण परत पंचांगाचीच. पाडव्यानंतर उपचार घेतलेला, सप्त्यात माळ घातलेला माणूस दसऱ्यानंतर फडावर जातो. तिथं पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची, अंग ठणकतं, आणि कोप्यांच्या कडेला बाटली पोचवणारा असतोच. पाठपुरावा करणारं गाव तिथं नाही. आहेत ती टोळीतली माणसं आणि मुकादम. म्हणून एकाच टोळीत सोडलेले दोघं-तिघं बरोबर जातील असं बघावं, आणि आठवड्याची खर्ची पिणाऱ्याच्या हातात न देता बायकोच्या हातात द्यावी. ऊस दोघं तोडतात. उचल बहुधा एकट्याच्या नावावर असते. खर्ची कुणाकडं द्यायची ते उचल घेतानाच, चार माणसांसमोर मुकादमाशी ठरवता येतं. तो सगळा व्यवहार बहुतेक ठिकाणी तोंडीच असतो, तेव्हा त्यात आणखी एक कलम तोंडी वाढवायला त्याची हरकत नसावी.